तिळवण : मोहरीची रानांतील बहीण

मृगाचे दोनतीन पाऊस जमिनींत मुरले कीं बीड जिल्ह्यांत बालाघाटाच्या उतारावर, बाजरीच्या व कापसाच्या ओळींमधून, बांधांवर आणि पडीक माळांवर हात-दीड हात उंचीचें एक रोपटें डोकें वर काढतें. श्रावण-भाद्रपदांत त्याला लहान पिवळीं फुलें येतात. पुढें बोटाएवढ्या लांब, अरुंद शेंगा आकाशाकडे तोंड करून उभ्या राहतात; आणि त्या उकलल्या कीं मोहरीसारखे बारीक काळसर दाणे मातींत सांडतात. देठाला हात लावला तर बोटें चिकट होतात आणि उग्र वास बराच वेळ हाताला राहतो. मराठींत या रोपट्याला पिवळी तिळवण म्हणतात. शेतकऱ्याच्या हिशेबीं तें एक तण आहे, आणि तणाची जागा बांधापलीकडे.

तणाला इतिहास कसला, असें कोणी विचारील. राजांना इतिहास असतो, किल्ल्यांना असतो, देवळांना असतो. आणि बीडच्या भूमींत या तिहींची वाण नाहीं. परंतु माणसानें कोणत्या वनस्पतीला घरांत घेतलें, कोणतीला बांधावर ठेवलें, कोणाचें नांव ग्रंथांत लिहिलें आणि कोणाचें लिहावयाचें राहून गेलें, हाहि इतिहासच आहे. त्या दृष्टीनें पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, जी मोहरी मराठी घरानें पिढ्यान् पिढ्या आपली मानली ती दूरदेशची पाहुणी आहे. आणि जिला उपटून फेकण्यांत येतें ती तिळवण त्याच मोहरीची जवळची नातेवाईक असून या मातीची जुनी रहिवासी आहे. हें नातें शास्त्राला पुरतें उलगडावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें. तें इतकें उशिरा कां उलगडलें आणि तोंवर तिळवणीची ओळख कोणी जतन केली, हें पाहण्यासारखें आहे.

प्रथम मोहरीकडे वळूं. तिच्या तडतडण्यावांचून मराठी घरांतील फोडणी होत नाहीं. तिच्या डाळीवांचून लोणचें मुरत नाहीं. आणि लहान मुलाची दृष्ट काढावयाची तर मीठ-मोहऱ्याच ओवाळाव्या लागतात. अति लहान वस्तूचें माप म्हणूनहि ती फार जुन्या काळापासून रूढ आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत सोनें तोलण्याचें जें कोष्टक आहे त्यांत तीन राजसर्षपांचा एक गौरसर्षप, सहा गौरसर्षपांचा एक यव आणि तीन यवांचा एक कृष्णल, म्हणजे एक गुंज, असें मान दिलें आहे. अर्थात् गुंजभर सोन्याच्या पारड्यांत समोर राईचे ५४ दाणे पडावयाचे. बौद्ध वाङ्मयांतील किसा गोतमीची कथा सर्वांना ठाऊक आहे. ज्या घरीं कोणी मेलेलें नाहीं अशा घरून मूठभर मोहरी आण, असें बुद्धानें तिला सांगितलें. त्या कथेचा सारा भार एका साध्या गोष्टीवर आहे : मोहरी नाहीं असें घर श्रावस्तींत नव्हतें; मृत्यु न पाहिलेलें घर मात्र एकहि निघालें नाहीं.

सिंधमधील चन्हुदडो येथें १९३५-३६ सालीं जें उत्खनन झालें त्यांत मोहरीचे दाणे सांपडले. म्हणजे सिंधुसंस्कृतीच्या काळापासून हें बीं माणसाच्या कोठारांत आहे. दक्षिणेंत कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें बाराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जो ‘मानसोल्लास’ ग्रंथ रचला त्यांतील पाककृतींतहि राईचें नांव येतें. आणि आजच्या बीड जिल्ह्याचा मुलूख त्या काळीं याच घराण्याच्या अंमलाखालीं होता. तेव्हां मोहरी या प्रदेशाला नवी नाहीं. पण जुनी असणें निराळें आणि मूळची असणें निराळें.

मोहरीच्या जन्माची हकीकत १९३५ सालीं उघड झाली. जपानांत काम करणारे कोरियन वंशाचे शास्त्रज्ञ वू जांग-चुन यांनीं मोहरीच्या निरनिराळ्या जातींच्या पेशींतील गुणसूत्रें मोजून दाखवून दिलें कीं, शिरसाच्या जातींत तीं २० असतात, काळ्या मोहरींत १६ असतात, आणि आपल्या नेहमींच्या मोहरींत ३६ असतात. वीस आणि सोळा मिळून छत्तीस : नेहमींची मोहरी ही त्या दोन जातींच्या संकरांतून जन्मलेली आहे. हा संकर कोणा माळ्यानें मुद्दाम घडविला नाहीं. जेथें या दोन्ही जाती शेजारीं शेजारीं वाढत होत्या अशा पश्चिम व मध्य आशियाच्या पट्ट्यांत तो आपोआप झाला असावा. तेथून माणसाच्या पोत्यांतून आणि झोळ्यांतून मोहरी पूर्वेकडे व दक्षिणेकडे आली.

एकटी मोहरीच नव्हे, तिचें सारें कुलच थंड आणि समशीतोष्ण प्रदेशांचें आहे. जगभर या कुलांत सुमारें चार हजार जाती मोजल्या जातात. त्यांची खरी वस्ती भूमध्य समुद्राच्या कांठापासून इराण व मध्य आशियापर्यंत आहे. कोबी, फुलकोबी, नवलकोल, मुळा, सलगम, बाळंतिणीच्या लाडवांतला अळीव, हीं सारीं याच कुलाचीं मंडळी. फुलकोबी तर १८२२ सालीं इंग्रजांनीं विलायतेहून आणली. यांपैकीं एकहि मूळची बीडच्या रानांतली नव्हे. बीडला पाऊस मुख्यतः मृगापासून हस्तापर्यंत पडतो, तोहि बेताचा आणि लहरी, उन्हाळा कडक. थंडी आणि ओल एकत्र हवीं असणाऱ्या या कुलाला येथें रब्बीचे थोडे महिनेच काय ते मानवतात, आणि तेहि माणसानें पेरलें, पाणी दिलें तर. ओढ्याकांठच्या ओलाव्यांत या कुलाची एखाददुसरी रानटी जात आढळते. परंतु उघड्या माळावर आपल्या बळावर राज्य करील अशी रानमोहरी येथें नाहीं. मराठवाड्याच्या घाण्यांतून पिढ्यान् पिढ्या करडई, जवस आणि तीळ यांचें तेल गळत आलें. मोहरीच्या तेलाचा संसार उत्तरेकडचा व बंगालचा. येथील मोहरी फोडणीपुरती, आणि तीहि पुष्कळशी बाहेरून येणारी. आज देशांत सर्वांत अधिक मोहरी राजस्थानांत पिकते.

मोहरीचें कुल ज्या माळावर नांदूं शकलें नाहीं, तेथें तिळवण नांदते. तिचें फूल जवळून पाहिलें तर साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. मोहरीच्या फुलाला चार पाकळ्या, आणि त्या समोरासमोर अशा बसलेल्या कीं त्यांचा क्रूस व्हावा. यावरूनच युरोपीय शास्त्रज्ञांनीं या कुलाला पूर्वी ‘क्रूसधारी’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. तिळवणीलाहि पाकळ्या चारच. पण त्या चारी एका बाजूस, वरच्या अंगाला कललेल्या असतात. मोहरीच्या फुलांत पुंकेसर सहा, त्यांतले चार लांब व दोन आंखूड. पिवळ्या तिळवणींत ते दहाहून अधिक, कधीं वीसपर्यंत. मोहरीची शेंग उकलली कीं मधोमध एक पातळ पांढरा पडदा उरतो. तिळवणीच्या शेंगेंत पडदा नसतो, मात्र कडेची चौकट तशीच उभी राहते. पान मोहरीसारखें अखंड नसून तीन किंवा पांच दलांचें असतें. आणि दाणा? तो दातांखालीं चुरडला तर राईसारखाच झणझणीत लागतो.

या साम्याची जाण लोकांना शास्त्राच्या फार आधींपासून होती, हें निरनिराळ्या प्रांतांनीं या रोपट्याला दिलेल्या नांवांवरून दिसतें. तमिळ भाषेंत पिवळ्या तिळवणीला ‘नायक्कडुगु’ म्हणतात. ‘नाय’ म्हणजे कुत्रें आणि ‘कडुगु’ म्हणजे मोहरी. इंग्रजांनीं त्याचाच शब्दशः अर्थ घेऊन तिला कुत्र्याची मोहरी म्हटलें, कोणी रानमोहरीहि म्हटलें. तमिळ माणसानें दाणा पाहिला आणि नातें मोहरीशीं जोडलें. मराठी माणसानें पान पाहिलें. संस्कृत वैद्यकांत ‘तिलपर्णी’ हें नांव येतें. शालिपर्णीची सालवण झाली, पृश्निपर्णीची पिठवण झाली, त्याच वाटेनें तिलपर्णीची तिळवण झाली. तिळासारख्या पानांची ती तिळवण. एकाच रोपट्याला एकानें दाण्यावरून ओळखलें, दुसऱ्यानें पानावरून. दोघांचीहि नजर खोटी नव्हती.

तिसरी ओळख गढवालच्या डोंगरांतली. तेथें या दाण्याला ‘जख्या’ म्हणतात, आणि तापलेल्या तेलांत तो मोहरीच्या जागीं टाकतात. बटाटा असो, मुळा असो, अळूचे कंद असोत, जख्याच्या फोडणीवांचून गढवाली घरांत चव येत नाहीं. तो बाजारांत विकत मिळतो, आणि डोंगर सोडून शहरांत गेलेलीं माणसें गांवाकडून तो आवर्जून मागवितात. बीडच्या बांधावर जो दाणा मातींत सांडून जातो, तो दीडहजार किलोमीटरांवर उत्तरेंत फोडणीच्या डब्यांत मानानें बसतो. वनस्पति तीच, तण कोणतें आणि पीक कोणतें, याचा निवाडा माणसाच्या संवयीनें केला आहे.

पिवळ्या तिळवणीची एक धाकटी म्हणावी अशी बहीण पांढरी तिळवण. तिचीं फुलें पांढरीं वा किंचित् जांभळट असून केसर लांब दांडीवर पुढें आलेले असतात. तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी महाराष्ट्रांत कांहीं ठिकाणीं होते. आफ्रिकेंतील केनिया, झिंबाब्वे इत्यादि देशांत तर ती पेरून पिकविण्याची नेहमींची पालेभाजी आहे.

आतां ग्रंथांकडे. तिळवणीचें छापील चित्र प्रथम ज्या महाग्रंथांत आलें त्यांतल्या एकाचा संबंध महाराष्ट्राच्या शेजारघराशीं आहे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीडे यानें मलबारांतील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ नांवाचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ पासून १६९३ पर्यंत ॲम्स्टरडॅम येथें छापून निघाला, आणि त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचें वर्णन आहे. या कामीं इट्टी अच्युतन् या मल्याळी वैद्यानें माहिती पुरविली; त्याचप्रमाणें रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या कोंकणी बोलणाऱ्या तीन वैद्यांनींहि ती पुरविली. त्यांचें १६७५ सालचें प्रमाणपत्र पहिल्या खंडांत नागरी लिपींत छापलेलें आहे. याच ग्रंथाच्या नवव्या खंडांत पिवळी तिळवण ‘आरिया-वेला’ या मलबारी नांवानें येते.

पुढें स्वीडनच्या लिनियसनें १७५३ सालीं आपल्या ग्रंथांत तिला ‘क्लिओमी व्हिस्कोझा’ असें शास्त्रीय नांव दिलें. ‘व्हिस्कोझा’ म्हणजे चिकट. त्यानंतर पाऊणशेंहून अधिक वर्षांनीं, १८३८ मध्यें, राफिनेस्क या शास्त्रज्ञानें मलबारचें तें जुनें नांव उचलून तिच्यासाठीं ‘अरिवेला’ अशी स्वतंत्र प्रजाति सुचविली. फार काळ कोणी त्याचें ऐकलें नाहीं. अलीकडच्या वर्गीकरणांत मात्र ‘अरिवेला व्हिस्कोझा’ हेंच नांव मान्य होऊं लागलें आहे. मलबारच्या गांवांतील एक शब्द तीनशें वर्षें ग्रंथांच्या पानांत दबून राहिला आणि अखेर जगाच्या शास्त्रांत आपल्या जागीं जाऊन बसला. हें घडलें त्याचें कारण एकच : कोणीतरी मलबारच्या वैद्यांना विचारलें आणि त्यांनीं सांगितलेलें नांव लिहून घेतलें.

बीडच्या वांट्याला असा लिहून घेणारा फार उशिरा आला. यांत दोष मातीचा नव्हे, सरहद्दीचा. मुंबई इलाख्यांतील वनस्पतींची नोंद एकोणिसाव्या शतकांत नेटानें चालली होती. जॉन ग्रॅहम यांची मुंबई परिसरांतील वनस्पतींची यादी १८३९ सालीं निघाली. डाल्झेल व गिब्सन यांचा ग्रंथ १८६१ सालीं आला. आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनीं १९०१ ते १९०८ या काळांत मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा तो विख्यात ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्याच्यावांचून महाराष्ट्रांतील वनस्पतिशास्त्राचा अभ्यासक आजहि पुढें जाऊं शकत नाहीं. परंतु इलाखा म्हणजे महाराष्ट्र नव्हे. बीडचा मुलूख अठराव्या शतकापासून निजामाच्या अंमलाखालीं होता. पश्चिमेस लागूनच तेव्हांचा अहमदनगर जिल्हा. तो इंग्रजी मुलूख. त्यामुळें नगरच्या बाजूच्या बांधावरील तिळवण ग्रंथाच्या कक्षेंत आली. आष्टी-पाटोद्याच्या बांधावरील तिळवण, तेंच रोप, तीच माती, तोच पाऊस असतां, ग्रंथाबाहेर राहिली. १९११ सालीं हैदराबाद संस्थानची वनस्पतिसूचि निघाली. पण ती वनखात्याची असल्यामुळें तिचें लक्ष साहजिकच झाडाझुडपांकडे होतें. पाऊस संपतांच सुकून जाणाऱ्या तणाची दखल लांकडाचा हिशेब ठेवणारें खातें कशाला घेईल?

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थानचा मराठवाडा मुक्त झाला. १९५६ मध्यें तो मुंबई राज्यांत आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. राजकीय सरहद्द अशी पुसली गेली. ज्ञानाची सरहद्द पुसावयास आणखी कांहीं दशकें लागलीं. मराठवाडा विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. व्ही. एन. नाईक यांनीं प्रथम उस्मानाबाद भागाच्या वनस्पतींवर १९७९ सालीं ग्रंथ लिहिला, आणि १९९८ सालीं साऱ्या मराठवाड्याच्या वनस्पतींचा दोन खंडांचा ग्रंथ औरंगाबादहून (आजचें छत्रपति संभाजीनगर) प्रसिद्ध झाला. कुक यांच्या ग्रंथाचा अखेरचा भाग निघाल्यावर बरोबर नव्वद वर्षांनीं.

योगायोग असा कीं, त्याच १९९८ सालीं युरोप-अमेरिकेंतील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या एका मंडळानें सपुष्प वनस्पतींचें नवें वर्गीकरण मांडलें. पेशींतील आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवर तें उभारलेलें होतें. तोंपर्यंत तिळवणीला वरुण कुलांत, म्हणजे वायवर्णा आणि नेपती यांच्या पंक्तींत बसविण्याची पद्धति होती. नव्या मांडणींत मोहरीचें कुल आणि वरुण कुल एकत्र करण्यांत आलें. म्हणजे त्या मताप्रमाणें बीडच्या बांधावरची तिळवण चक्क मोहरीच्या घरची झाली. पुढें २००२ सालीं हॉल, सिट्स्मा व इल्टिस या तीन शास्त्रज्ञांनीं अधिक बारकाईनें तुलना करून दाखविलें कीं, तिळवणीचीं भावंडें वरुणापेक्षां मोहरीलाच अधिक जवळचीं आहेत. अखेर २००९ सालच्या सुधारित मांडणींत तिळवणीचें स्वतंत्र कुल मानण्यांत आलें आणि तें मोहरी-कुलाचें भगिनी-कुल ठरलें. घर वेगळें, पण भिंतीला भिंत लागून.

तमिळ शेतकऱ्यानें जें जिभेनें ओळखलें होतें तें शास्त्रानें या वाटेनें सिद्ध केलें. जिभेच्या ओळखीला रसायनशास्त्राचाहि आधार आहे. मोहरी, तिळवण, वायवर्णा या सर्वांच्या पेशींत एका वर्गाचीं गंधकयुक्त द्रव्यें असतात. पान किंवा दाणा चिरडला कीं एक पाचकद्रव्य त्यांना येऊन मिळतें आणि त्यांतून झणझणीत तेल सुटतें. वनस्पतीच्या दृष्टीनें हें किड्यांविरुद्धचें शस्त्र होय. पण कांहीं पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्यांनीं या शस्त्रालाच आपलें अन्न ओळखण्याची खूण बनविलें. १९१० सालीं फर्शाफेल्ट या डच शास्त्रज्ञानें मोहरीवर्गांतील हें द्रव्य, एरव्हीं कोबीवरची अळी ज्यांना तोंड लावीत नाहीं, अशा पानांवर फांसलें. आणि ती अळी तीं पानें खाऊं लागली. कुलांचें नातें ओळखण्यांत अळी ग्रंथकारांच्या पुढें होती, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पांढऱ्या तिळवणीनें तर शास्त्रज्ञांना आणखी एका कारणानें वेड लावलें आहे. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या पिकांना कडक उन्हांत, कमी पाण्यांत हवेंतील कर्बवायु अधिक चांगला वापरण्याची एक विशेष युक्ति साधलेली आहे. गहू, तांदूळ, मोहरी यांना ती साधत नाहीं. पांढऱ्या तिळवणीला मात्र ती साधलेली आहे. मोहरी-कुलांतील एका लहानशा रानटी रोपट्याची, ‘ॲरॅबिडॉप्सिस’ची, संपूर्ण जनुकरचना २००० सालीं वाचली गेली, वनस्पतींत हा मान प्रथम त्यालाच मिळाला. त्याची इतकी जवळची नातेवाईक ही युक्ति जाणते, म्हणून दोघींची तुलना करून ती कशी घडली हें शोधावें, असें २००५ सालीं केंब्रिजच्या संशोधकांनीं सुचविलें आणि तेव्हांपासून तें काम चालूं आहे. भातासारख्या पिकाला ही युक्ति शिकवितां आली तर कोट्यवधि लोकांच्या अन्नाचा प्रश्न हलका होईल, ही त्यामागची आशा.

परंतु १९९८ सालाची आणखी एक आठवण आहे, आणि ती दुःखाची आहे. त्या वर्षीं पावसाळ्याच्या अखेरीस दिल्लींत मोहरीच्या भेसळयुक्त तेलानें साठांहून अधिक माणसें दगावलीं व तीन हजारांहून अधिक रुग्णालयांत दाखल झालीं. अंग सुजणें, हृदय दुबळें होणें, हीं त्या रोगाचीं लक्षणें; कलकत्त्यास १८७७ सालीं या सांथीची प्रथम नोंद झाली होती. भेसळ होती ती पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची. हें कांटेरी रोपटें मूळचें मेक्सिकोचें; पण आज तें बीडच्या पडीक रानांतहि ठिकठिकाणीं दिसतें. तेंहि पिवळ्या फुलांचें, त्याचीहि बी काळी, गोल आणि मोहरीएवढी. म्हणजे एकाच शिवारांत तीन बारीक काळे दाणे आहेत : एक मोहरीचा, घरचा, एक तिळवणीचा, निरुपद्रवी, आणि एक धोतऱ्याचा, जीवघेणा. तिघांतला भेद ओळखणें हें केवळ पंडितांचें कुतूहल नव्हे. तो ओळखण्याची नजर जेथें हरवते तेथें माणसें मरतात.

ती नजर बीडच्या शिवारांत कोणापाशीं होती आणि आहे? खुरपणी करणाऱ्या बायकांपाशीं. पावसाळ्याचे दोनतीन महिने वाकून, एकेक रोप मुळासकट काढतांना कोणतें पीक आणि कोणतें तण, कोणतें तण जनावराला घालावें आणि कोणतें घालूं नये, कोणत्या पाल्याची भाजी होते आणि कोणता चिकट पाला हाताला नकोसा वाटतो, हें त्यांना ठाऊक असावें लागतें. मातीपासून वीतभर अंतरावरून ज्यानें रोप पाहिलें त्यालाच तें खरें दिसतें. तांदुळजा, चिवळ, पाथरी, कुर्डू, तरोटा यांची ओळख याच वाटेनें आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे आली. १९७२ च्या दुष्काळासारख्या वर्षांत रानांतल्या पाल्याची ही ओळख किती कामाची असते, हें मराठवाड्यांतील जुन्या पिढीस सांगावयास नको. कुक यांच्या ग्रंथाला वाळलेलीं रोपें जमविणारे मिळाले, व्हान ऱ्हीडेला वैद्य मिळाले. खुरपें हातीं असलेल्या बाईला मात्र कोणी विचारलें नाहीं.

आतां तें विचारण्याचा अवधि कमी होत चालला आहे. बाजरीच्या रानांत कापूस आणि सोयाबीन आलें. खुरप्याच्या जागीं तणनाशकाचा फवारा आला. फवाऱ्याला तिळवण आणि तांदुळजा यांतला फरक कळत नाहीं, आणि मारणाऱ्यालाहि तो कळण्याची गरज उरत नाहीं. मजुरीचा खर्च व मजुरांची टंचाई पाहतां शेतकऱ्याला दोष देतां येत नाहीं. शिवाय बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दसरा-दिवाळी होतांच हजारों कुटुंबें कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या फडांकडे निघतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. वर्षांतले सहा महिने मुलगी उसाच्या फडावर वाढते. गांवीं असते ते महिने पावसाळ्याचे, म्हणजे नेमके तिळवणीचे. तेवढ्या अवधींतच आजीची ओळख नातीकडे जावयाची; आणि तेवढ्यांतच फवारा येतो.

सुदैवानें लिहून ठेवण्याची एक सोय या देशाच्या कायद्यानें केली आहे. २००२ सालच्या जैविक विविधता कायद्यानें प्रत्येक स्थानिक संस्थेनें, म्हणजे गांवोगांवच्या ग्रामपंचायतीनेंहि, जैवविविधता समिति नेमावी आणि लोकांच्या सहभागानें गांवांतील वनस्पति, प्राणी व त्यांविषयींचें पारंपरिक ज्ञान यांची नोंदवही तयार करावी, असें ठरविलें. अशी नोंदवही दोन रीतींनीं भरतां येते. एक रीत सोपी : छापील ग्रंथांतून नांवें उतरून रकाने पुरे करणें. दुसरीला वेळ लागतो : श्रावणांत रानांत जाऊन, खुरपणाऱ्या बाईला हातांतलें रोप दाखवून, तिच्या तोंडचें नांव तिच्याच उच्चारांत लिहून घेणें, आणि त्यापुढें तिनें सांगितलेला उपयोग व दिलेला इशारा नोंदविणें.

पहिल्या रीतीनें भरलेल्या वहींत तिळवणीचें लॅटिन नांव बिनचूक येईल. तें तर लिनियसनें १७५३ सालींच लिहून ठेवलें आहे. दुसऱ्या रीतीनें भरलेल्या वहींत पाटोद्याच्या माळावर तिला काय म्हणतात, गेवराईच्या गोदाकांठीं काय म्हणतात, आणि तिचा दाणा धोतऱ्याच्या दाण्यापासून हातावर घेऊन कसा ओळखावा, हें येईल. हें अजून कोणत्याहि छापील ग्रंथांत नाहीं. मलबारच्या वैद्यांनीं सांगितलेला एक शब्द तीनशें वर्षांनीं जगाच्या कामीं आला. बालाघाटाच्या बायकांनीं सांगितलेला शब्द कोणत्या कामीं येईल तें आज सांगतां येणार नाहीं. मात्र तो लिहिला गेला नाहीं तर तो कोणाच्याच कामीं येणार नाहीं, एवढें निश्चित आहे. मृगाचा पाऊस दरवर्षीं येतो, तिळवणहि दरवर्षीं उगवते. सांगणारी बाई मात्र दरवर्षीं भेटेलच, असें नाहीं.